दवात उरलेली कोरडी जागा

१

"मॅडम, धावत या! खेळपट्टीचा खून झालाय!"

अंपायरबाई तेव्हा पॅव्हिलियनच्या पायरीवर बसल्या होत्या, एका पायात पांढरा बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा. ओरडणारा होता पाहुण्या संघाचा कप्तान. उंची एवढी की सगळे त्याला लंबूच म्हणायचे, आणि आवाज उंचीला शोभेल असा. बाईंनी दुसरा बूट तसाच पायात कोंबला आणि नाडी लोंबत असतानाच निघाल्या.

सकाळ कोवळी होती. सगळं मैदान दवाने भरलं होतं. गवताच्या पात्यापात्यावर थेंब, जणू कोणी रात्रभर बसून एकेक ओवला असावा. त्या चंदेरी गवतातून एकच पाऊलवाट पॅव्हिलियनच्या पायरीपासून थेट मधल्या खेळपट्टीपर्यंत गेली होती. ती मोडू नये म्हणून बाई आणि लंबू चार हात सोडून बाजूने चालले. वाटेच्या टोकाला हातात झाडू घेऊन पिचबाबा उभे होते. हे मैदान सांभाळणारे बाबा, दोन्ही संघांत जन्मला नसेल कोणी तेव्हापासूनचे. त्यांनी मान खाली घातली होती.

"हे बघा!" लंबूने बोट दाखवलं.

सगळी खेळपट्टी दवाने ओली, काळसर दिसत होती. फक्त मैदानाच्या भिंतीच्या बाजूला, क्रीजपासून पुढे, एक लांबट चौकोन खडूसारखा कोरडा होता. दारापेक्षा थोडा लहान. क्रीजची काल आखलेली चुन्याची रेघ तिथे मधोमध पुसट झाली होती.

"रात्री कोणीतरी इथे ताडपत्री घातली," लंबू म्हणाला. "खेळपट्टी झाकली! आणि तीही नेमकी कुठे? यांच्या कप्तानाचा चेंडू पडतो तिथे!"

यजमानांचा कप्तान मागून धापा टाकत आला. हा फिरकी गोलंदाज, नाव पडलं होतं गिरकी. त्याने कोरडा चौकोन पाहिला आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"आईशप्पथ," तो पुटपुटला, "इथे तर माझा चेंडू हातभर वळेल."

"ऐकलंत ना!" लंबू गरजला. "आरोपीनेच सांगितलं!"

बाईंनी मात्र पिचबाबांकडे पाहिलं. मैदानावर चिमणी उतरली तरी हाकलायला धावणारा हा माणूस खेळपट्टी बिघडलेली बघून गप्प होता.

२

आता एवढ्याशा कोरड्या जागेसाठी एवढा गहजब कशाला, असं कोणालाही वाटेल. पण हे मैदान म्हणजे साधंसुधं मैदान नव्हे. ते अति म्हातारं आहे, आणि म्हाताऱ्या माणसांसारखंच हट्टी.

एक तर ते सपाट नाही. भिंतीकडून घड्याळाच्या मनोऱ्याकडे असा उतार आहे की मध्यंतरात चेंडू विसरून राहिला तर तो आपला आपण घरंगळत सीमारेषेपाशी जाऊन बसतो. भिंतीच्या बाजूची सीमा इतकी जवळ की चेंडू भिंतीला लागला तर दोनच धावा द्यायच्या. भिंतीपलीकडे गेला तर सहा, पण मग फलंदाजाने स्वतः पलीकडच्या घरी जाऊन माफी मागायची आणि चेंडू आणायचा. हे थट्टेत सांगत नाही, पॅव्हिलियनच्या भिंतीवर रंगवलेल्या नियमांत तसं लिहिलंय.

आणि त्या नियमांत सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत: वार्षिक सामन्याच्या आदल्या रात्री खेळपट्टी उघडी राहील.

त्याचीही गंमत आहे. पहिल्यावहिल्या सामन्याच्या वेळी ताडपत्री आलीच नाही. आणायला गेलेला माणूस वाटेत कुठल्याशा लग्नाला गेला. रात्रभर दव पडलं, सकाळी चेंडू सापासारखा वळवळला आणि पाहुणे नाश्ता जिरायच्या आत बाद झाले. मग जे भांडण पेटलं ते म्हणे संध्याकाळपर्यंत विझेना. शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, रात्र जे देईल ते दोघांनी निमूट घ्यायचं. कोणी हात लावायचा नाही. तेव्हापासून ती एक रात्र खेळपट्टी आकाशाखाली उघडी असते. वर्षातल्या बाकी सगळ्या रात्री तिला झाकतात, जपतात, पण त्या रात्री ती एकटी.

नियम मोडला तर? तेही लिहिलंय. यजमानांनी कप देऊन टाकायचा. आणि ज्याने मोडला त्याने त्याच संध्याकाळी मैदान सोडायचं, पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

दरवर्षी नाणेफेकीआधी हे सगळं खड्या आवाजात वाचून दाखवायचे ते सेक्रेटरीसाहेब. तेही आता मैदानात आले होते. कडक इस्त्रीचा कोट, काळेभोर रंगवलेले केस. ते वळले तेव्हा बाईंना दिसलं की मागच्या बाजूला केसांत एक आडवा पांढरा पट्टा राहून गेलाय. रंग संपला असणार मध्येच. घरी पाठीमागचं सांगायला कोणी नसलं की माणसाचं असंच होतं, बाईंच्या मनात आलं. त्यांना ते चांगलंच ठाऊक होतं. त्या एकट्या राहायच्या. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून एकदा मैदानावर अकरा माणसं त्यांना एकच प्रश्न घसा फोडून विचारायची आणि उरलेला आठवडा कोणी काहीच विचारायचं नाही.

"साहेब, नियम वाचा!" लंबू म्हणाला.

साहेबांनी घसा खाकरला. आवाज काही खडा लागला नाही. "निर्णय अंपायरचा," ते एवढंच म्हणाले. "जेवणाच्या घंटेपर्यंत."

दुसरे अंपायर तापाने घरी पडले होते. म्हणजे सगळा भार बाईंच्या एकटीच्या खांद्यावर.

"बाबा," त्यांनी हळूच विचारलं, "ही खेळपट्टी कोणी झाकली?"

पिचबाबांनी झाडू या हातातून त्या हातात घेतला.

"मी," ते म्हणाले.

३

झालं! गुन्हा आहे, गुन्हेगार आहे, कबुली आहे. दुसरा कोणी असता तर निकाल देऊन चहा प्यायला गेला असता. पण अंपायरबाईंनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. उत्तर बरोबर आणि पायऱ्याच नाहीत, म्हणजे शेजाऱ्याचं बघून लिहिलंय, हे त्यांना लांबूनही कळायचं.

पिचबाबांची खोली साइटस्क्रीनच्या, म्हणजे सीमेबाहेरच्या मोठ्या पांढऱ्या पडद्याच्या, शेजारी होती, घड्याळाच्या बाजूला. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला टेकवलेली खोरी आणि दाताळी. एवढाच त्यांचा संसार, आणि तोही मैदानाच्या मालकीचा. आज संध्याकाळी मैदान सोडायचं म्हणजे ही खोलीही सोडायची. जायला दुसरी जागा नव्हती.

"का झाकलीत?" बाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या.

"आपला संघ जिंकावा म्हणून."

"तुम्हाला आपला संघ जिंकावा असं कधीपासून वाटायला लागलं? गेल्या वर्षी गिरकी बाद झाला तेव्हा टाळ्या वाजवत होतात."

"त्याचा पाय खेळपट्टीवर पडत होता," बाबा तुसडेपणाने म्हणाले. मग त्यांना आठवलं की आपण गुन्हेगार आहोत. पुन्हा मान खाली.

"ताडपत्री कुठाय?"

"ठेवली जागेवर."

"कोणत्या वाटेने गेलात सकाळी खेळपट्टीकडे?"

"पॅव्हिलियनकडून. दवात दिसली नाही का वाट?"

"दिसली की. पण इथून, तुमच्या दारातून, खेळपट्टी समोर आहे. तुम्ही सीमेबाहेरच्या विटांच्या रस्त्याने अर्ध्या मैदानाला वळसा घालून पॅव्हिलियनपाशी गेलात आणि तिथून आत आलात? गुडघे दुखतात म्हणता ना?"

"झाडू तिकडे राहिला होता." बाबांनी स्टोव्हची पिन उगीचच फिरवली. "बाई, मी कबूल केलंय. आता कशाला उकरताय? निकाल देऊन टाका. माझी पिशवी भरून व्हायला वेळ लागणार नाही."

खरंच लागला नसता. पिशवी खाटेवरच होती आणि तिचा तळसुद्धा झाकला गेला नव्हता.

४

लंबू पाहुण्यांच्या खोलीत पॅड बांधून बसला होता. सामना होणार नाही असा त्याचा दावा, पण पॅड सोडायला तयार नाही.

"मॅडम, मी काही वाईट माणूस नाही," तो बाईंना बघताच म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला हाकलायला मलाही बरं वाटत नाही. पण नियम म्हणजे नियम."

"मला फक्त सांग, सकाळी आल्यापासून तू काय काय पाहिलंस. माझ्याच मागून फाटकातून आत आलास ना?"

"हो. फाटक बंद होतं. आपण सगळे खडखडवत होतो. मग साहेबांनी आतून कडी काढली. तुम्ही पायरीवर बूट घालायला बसलात आणि मी सरळ मैदानाकडे. बाबा खेळपट्टीवर झाडू मारत होते. मला बघून थांबले."

"तिथून हलले?"

"छे! तुम्ही येईपर्यंत तिथेच, खांबासारखे. मी सीमेवरून नजर ठेवून होतो."

"म्हणजे त्या वाटेने ते आत गेले, पण परत आले नाहीत."

"परत कशाला येतील? आणि बाकी कुठेही दवात दुसरी वाट नव्हती, हे मी छातीठोक सांगतो."

 बाईंनी लंबूच्या डाव्या पॅडचा सुटलेला पट्टा दाखवला आणि निघाल्या.

गिरकी नियमांच्या भिंतीखाली डोकं धरून बसला होता.

"बाई, मी नाही केलं हो! सगळे माझ्याकडे असे बघतायत जसं काही मीच बाबांना सांगितलं. मी उलट काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो, खेळपट्टी कशी आहे विचारायला. तर म्हणाले, चल नीघ, उद्या बघशील."

"किती वाजता?"

"अंधार पडताना. ते झाडू धूत होते. धुतला, दाराला टेकवून ठेवला आणि माझ्या तोंडावर दार लावलं."

"कोणत्या दाराला?"

"त्यांच्याच खोलीच्या, आणखी कुठल्या? तो झाडू तिथून हलतो का कधी? मागे मी एकदा पॅव्हिलियनचा जिना झाडायला नेला होता तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

तर मग झाडू पॅव्हिलियनपाशी राहिलाच नव्हता. बाबांनी तो आपल्या दारातून उचलला, हातात घेऊन अख्खा वळसा घातला आणि मुद्दाम पॅव्हिलियनच्या पायरीवरून मैदानात उतरले.

कशासाठी?

५

ऊन वर चढत होतं. दव विरायच्या आत बघायला हवं होतं. बाई सीमेवर उकिडव्या बसल्या, चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि सकाळी सगळे बाजूने गेल्याने शाबूत राहिलेली ती वाट निरखू लागल्या. खेळाडू लांबून बघत होते. म्हातारीचं काहीतरी हरवलंय, असं त्यांना वाटलं असेल.

गवतावर रोलर फिरवला की पट्टे दिसतात ना, एक फिका आणि एक गडद? रंग काही वेगळा नसतो. पाती एकीकडे झुकली की फिकी दिसतात आणि दुसरीकडे झुकली की गडद. माणूस चालतो तेव्हाही पाती त्याच्या पावलाबरोबर पुढे झुकतात. बाबा पॅव्हिलियनकडून खेळपट्टीकडे गेले होते, तर वाटेतली सगळी पाती खेळपट्टीकडे झुकलेली हवी होती.

बाबांच्या जाड बुटांखाली ती तशी होतीही. पण बुटांच्या कडेला, जिथे पाऊल नेमकं पावलावर पडलं नव्हतं, तिथे पाती उलटी झुकली होती. पॅव्हिलियनकडे.

कोणीतरी याच वाटेने आधी बाहेर आलं होतं. दव पडल्यानंतर. त्या माणसाची आत जाण्याची वाट कुठेच नव्हती, कारण तो आत गेला तेव्हा दव पडायचं होतं. आणि बाबांनी त्याच्या पावलांवर आपली पावलं ठेवत ठेवत ती वाट आपली करून टाकली होती.

बाई लगबगीने खेळपट्टीपाशी गेल्या. गुडघे टेकून त्यांनी कोरड्या चौकोनाच्या कडा पाहिल्या. त्यांच्या गच्चीवर पावसाळ्यात ताडपत्री असायची. ती उचलली की कडेला पाण्याची सरळ रेघ राहते, कारण वरचं पाणी ओघळून तिथेच साचतं. इथे तशी रेघ नव्हती. इथे कडेला बारीक बारीक ओरखडे होते. झाडूचे. कोणीतरी कोरड्या जागेच्या कडा झाडून झाडून सरळ केल्या होत्या.

चौकोन हा ताडपत्रीचा नव्हताच! आधी इथे वेगळाच आकार होता आणि तो ओळखू येऊ नये म्हणून बाबांनी झाडूने कडेचं दव उडवून लावलं होतं. आकार पुसायला गेले आणि चौकोन करून बसले. आपल्याच हाताने त्यांनी ताडपत्रीचा आळ स्वतःवर ओढवून घेतला होता.

मग आधी काय होतं? बाईंनी क्रीजची पुसट झालेली रेघ पाहिली. चुना मधल्या वीतभर जागेतच गेला होता. तिथून पुढे चौकोन. लांबी बघितली, रुंदी बघितली. हवेत हाताने एक आकृती काढली.

आणि त्या तशाच गुडघ्यांवर बसून राहिल्या.  कारण रात्रभर इथे काय होतं ते त्यांना कळलं होतं.

माणूस. चुन्याच्या रेघेवर डोकं ठेवून, एवढ्या मोठ्या उघड्या मैदानात, एकटाच झोपलेला माणूस.

६

सेक्रेटरीसाहेबांच्या ऑफिसचं दार लोटलेलं होतं. बाईंनी टकटक केली आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

ऑफिस कसलं, ट्रॉफ्यांचं गोदामच. कपाटाच्या काचेमागे कप दाटीवाटीने उभे. खालच्या खणाचं दार नीट लागत नव्हतं, आतून घोंगडीचं टोक बाहेर आलं होतं. खिडकीत कुठल्याशा जुन्या स्पर्धेचा छोटासा कप, आणि त्यात दात घासायचा ब्रश.

"बसा," साहेब म्हणाले. "निकाल लिहून आणलात?"

"साहेब, सकाळी फाटकाला आतून कडी होती. तुम्ही काढलीत. घरून आला असतात तर आमच्यासारखेच बाहेर उभे असतात."

"मी... लवकर आलो होतो. कामं होती."

"एकदा मागचे केस चाचपून बघता?"

साहेबांनी नकळत हात मागे नेला. बोटं पुढे आणली. बोटांना पांढरी पूड लागली होती. ते तिच्याकडे बघत राहिले.

"मला सकाळी वाटलं, रंग राहिलाय," बाई म्हणाल्या. "तो चुना आहे. क्रीजचा."

साहेब उठले, खिडकीशी गेले, परत आले. मग एकदम वय झाल्यासारखे खुर्चीत बसले.

"बायको गेल्यापासून घरात झोप येत नाही," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "आवाजच नाही कसला. फ्रिजची घरघर थांबली की दचकून जागा होतो. म्हणून इकडे यायला लागलो, या बाकावर पडायला. इथेही तेच. काल रात्री नुसता फेरी मारायला म्हणून बाहेर पडलो. आकाश बघितलं. म्हटलं, जरा पाठ टेकावी. उघडी खेळपट्टी, तिच्यावर आपण. नियमबियम डोक्यात आलेच नाहीत हो. आणि बाई, मला झोप लागली! सकाळपर्यंत! जुन्या कोटाचं पांघरूण केलं होतं, अंगाखाली जमीन ऊबदार. किती महिन्यांनी अशी..."

"आणि सकाळी?"

"उठलो, बघितलं, पळालो. मग बाबाने कबूलच करून टाकलं. मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही." ते चिडून म्हणाले, "पण तो कशाला माझ्यासाठी मरतोय? वीस शब्द बोललो नसेन मी त्याच्याशी आयुष्यात. त्यातले निम्मे ओरडण्याचे."

"त्यांनी मला काही सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण हिशोब करून बघा. तुमची वाट झाकायला ती तुमची आहे हे माहीत हवं. म्हणजे त्यांनी तुम्हाला जाताना पाहिलं. त्याआधी निजलेलं पाहिलं. त्यांच्या दारातून खेळपट्टी सरळ समोर दिसते. चिमणी उतरली तर ते झाडू घेऊन धावतात, साहेब. आणि सामन्याच्या सकाळी, त्या एका रात्रीच्या खेळपट्टीवर, आडवा पडलेला अख्खा माणूस त्यांना दिसला. एक हाक मारली असती तर तुम्ही उठला असतात."

साहेबांनी वर पाहिलं.

"नाही मारली त्यांनी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला उठवलं नाही. तुमची झोप पुरी होईपर्यंत ते दारात उभे राहिले आणि खेळपट्टी बिघडू दिली."

 बाहेर गिरकी आणि लंबू कशावरून तरी वाद घालत होते.

"माझ्याकडे पुरावा म्हणाल तर तुमच्या डोक्यावरचा," बाई उठल्या. "ओला रुमाल फिरवलात की संपला. पात्यांवरचं दव तर एव्हाना गेलंही. उरते ती बाबांची कबुली. घंटा झाली की मला निकाल द्यावा लागेल."

त्यांनी दार मागे ओढून घेतलं. जिना उतरताना आतून नळ सोडल्याचा आवाज आला. 

७

घंटा झाली. दोन्ही संघ नियमांच्या भिंतीखाली जमले. पिचबाबा पिशवी घेऊनच आले होते. साहेबांचा पत्ता नव्हता.

"मॅडम, निकाल," लंबू म्हणाला. या वेळी आवाज बराच खाली होता.

बाईंनी जिन्याकडे पाहिलं. कोणी नाही. "कबुली देणाऱ्याने खोटं सांगितलंय असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण ते सिद्ध करायला माझ्याकडे आता..."

"मी आहे ना," वरून आवाज आला.

साहेब उतरत होते. तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल. केसांतला पांढरा पट्टा तसाच होता. ते खेळाडूंच्या मधून चालत भिंतीपाशी गेले, पाठ फिरवून उभे राहिले आणि सगळ्यांना मागचं डोकं नीट दिसेल एवढा वेळ तसेच थांबले. मग वळून त्यांनी सगळं सांगितलं. झोप, घर, बाक, सगळं. मध्ये एकदाच अडखळले, बायकोच्या जागी.

"साहेब, कशाला?" पिचबाबा कळवळून म्हणाले. "सगळं नीट झालं होतं की!"

"काय नीट झालं होतं? पिशवी?"

पोरं चुळबुळली. लंबूने इतक्या उंचीवरून पायांकडे बघायचं कसं, हे शोधून काढलं होतं.

"कप आम्हाला नको," तो शेवटी म्हणाला. "झोपलेल्या माणसाच्या जिवावर कप जिंकून आणला असं सांगितलं तर आई मला घरात घेणार नाही. ऊन आलंय. दोन्हीकडची ओल सारखी झाली की खेळू."

"जेवणानंतर नाणेफेक," बाई म्हणाल्या. गिरकीने लंबूच्या पाठीवर, म्हणजे जिथवर हात पोचला तिथे, थाप मारली.

"कपाचं झालं," साहेब म्हणाले. "दुसऱ्या ओळीचं काय? मैदान सोडायचं. दरवर्षी मीच वाचतो, बाई. मला सूट देऊ नका."

बाईंना द्यायची होती. फार मनापासून द्यायची होती. पण अंपायरने एकदा बोट वर केलं की ते खाली घेता येत नाही, आणि इथे तर फलंदाज स्वतःच चालायला लागला होता. त्यांनी मान हलवली.

दुपारभर खेळ झाला. गिरकीचा चेंडू नेहमीएवढाच वळला, म्हणजे थोडासाच, आणि लंबूने तो दोनदा भिंतीपलीकडे मारला आणि दोनदा माफी मागून आला. दुसऱ्यांदा त्याला तिकडे सरबत मिळालं. साहेब बाउंडरीबाहेर खुर्ची टाकून शेवटच्या चेंडूपर्यंत बसले.

संध्याकाळी पॅव्हिलियन रिकामं झालं. साहेब घोंगडी काखोटीला मारून खाली आले. फाटकाशी पिचबाबा उभे होते.

"उठवायला हवं होतंस मला," साहेब म्हणाले.

"हो."

"का नाही उठवलंस?"

बाबांनी बराच विचार केला. "तुमच्या खिडकीतला दिवा रात्रभर असायचा साहेब. हिवाळ्यापासून बघतोय. वाटायचं, चला, मैदानावर आणखी कोणीतरी जागं आहे. मलाही झोप येत नाही आताशा. काल दिवा विझलेला दिसला म्हणून बघायला बाहेर आलो."

 घोंगडी साहेबांच्या हातातून घसरत होती.

"आजपासून ती खिडकी काळीच," बाबा म्हणाले. मग त्यांनी खाली वाकून घोंगडीचं लोंबणारं टोक उचललं. "घर लांब आहे का तुमचं?"

"चालत जाण्यासारखं आहे. पण आत काही नाही बघण्यासारखं. नुसती शांतता."

"मी घोरतो," बाबा म्हणाले. "भयंकर. सगळी पोरं सांगतात."

"मग मला कधी ऐकू कसं आलं नाही?"

"कसं येणार? तुम्ही त्या टोकाला, मी या टोकाला. मध्ये अख्खं मैदान."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि घोंगडीचं दुसरं टोक नीट धरलं. दोघं रस्त्याला लागले, कोणी कुठे वळायचं यावरून आतापासूनच कुरकुरत.

अंपायरबाई फाटक लावायला थांबल्या होत्या. ते दोघं कोपऱ्यावरून दिसेनासे झाल्यावरही त्या कडीला हात लावून उभ्या राहिल्या. मैदानावर हळूहळू अंधार उतरत होता, आणि आज तिथे राखण करायला कोणीच नव्हतं. मग त्यांनी कडी बाहेरून न लावता आत येऊन आतून लावली, बूट काढून हातात घेतले आणि विटांच्या रस्त्याने साइटस्क्रीनकडे चालू लागल्या. एका रात्रीपुरतं कोणीतरी जागं असायला हवं होतं.